अठ्ठ्याण्णव अंशांवरचं पाणी

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार होता. शाळा लवकर सुटली होती आणि मी स्टाफरूममध्ये दहावी ‘ब’ची जर्नलं तपासत बसले होते. एकूण ५८. ‘उष्णता’ या धड्यातला अप्रकट उष्म्याचा, म्हणजे बर्फ वितळताना आणि पाणी उकळताना तापमान न वाढवता शोषल्या जाणाऱ्या उष्णतेचा, प्रयोग. चंचुपात्रात बर्फ घ्यायचा, तापवत न्यायचा, दर मिनिटाला तापमान टिपायचं आणि शेवटी आलेख काढायचा. विसेक जर्नलांवर सह्या झाल्या आणि माझा हात थांबला. प्रत्येक आलेखात पाणी बरोबर १०० अंश सेल्सिअसला उकळत होतं. मग उरलेली सगळी उघडून पाहिली. ५८ च्या ५८ जणांचं पाणी १०० ला उकळलं होतं.

पुण्यात पाणी १०० अंशांना उकळत नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथं हवेचा दाब कमी, म्हणून उघड्या भांड्यातलं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. हे मला बी. एस्सी.ला असल्यापासून माहीत होतं. मुलांच्या हातात तापमाप्या होत्या, मी स्वतः टेबलांमधून फिरत होते, तरी एकाही मुलाने डोळ्यांना दिसलेला आकडा वहीत उतरवला नव्हता. पण मुलांना काय बोलणार? सतरा वर्षं मी त्याच १०० वर सही करत आले होते.

त्या दुपारी मी उरलेल्या जर्नलांवर सह्या केल्या नाहीत. गठ्ठा पुन्हा कपाटात ठेवला आणि घरी गेले. सुट्टीभर फराळ करताना, पाहुणे येताजाताना तो १०० डोक्यातून जाईना.

तास रंगावा म्हणून मी कमी धडपड केली होती असं नाही. स्मार्ट बोर्ड आला तेव्हा व्हिडिओ शोधून आणले, अप्पा बळवंत चौकातून तक्ते आणले, बोहरी आळीत फिरून तारा, चुंबकं, छोट्या मोटरी गोळा केल्या. सोडियमचा तांदळाएवढा तुकडा पाण्यात टाकून दाखवायचा दिवस तर मुलं आधीपासून मोजत असत. तुकडा पाण्यावर सुसाट धावतो, ‘फट्’ आवाज होतो, फिनॉल्फ्थॅलिन घातलेलं पाणी गुलाबी होत जातं, आणि वर्ग टाळ्या वाजवतो. मीही खूश व्हायची. मग चाचणीत प्रश्न यायचा, सोडियम रॉकेलमध्ये का ठेवतात? एका वर्षी नऊ मुलांनी लिहिलं, ‘रॉकेलमुळे ते जास्त जोरात पेटते म्हणून.’ टाळ्या याच मुलांनी वाजवल्या होत्या.

आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या सीडी अशा टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत. आमच्या पिढीच्या कितीतरी शिक्षकांनी ती खेळणी उचलली. सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं यांची मोटर मी दरवर्षी नववीकडून करून घेते. ती मोटर पहिल्या फटक्यात कधीच फिरत नाही. तारेवरचं इनॅमल एका टोकाला पूर्ण आणि दुसऱ्या टोकाला फक्त अर्ध्या बाजूनेच खरवडायचं असतं, आणि मुलं सगळंच खरवडून टाकतात. मग वेटोळं नुसतं थरथरतं. तिथून पुढचा अर्धा तास वर्गात कोणाचं माझ्याकडे लक्ष नसतं. तेवढ्या वेळात त्यांना जे कळतं, ते माझ्या सोडियमने कधी कळलं नाही. हा फरक अनेक वर्षं समोर होता, पण त्यामागचं कारण मी नीट शोधलं नव्हतं. सोडियमच्या वेळी मुलं बघत असतात. मोटरीच्या वेळी ती फिरेल की नाही, यावर त्यांचं स्वतःचं काहीतरी लागलेलं असतं.

सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात मी तो प्रयोग पुन्हा घ्यायचं ठरवलं. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, “बाई, हा तर झाला की मागच्या महिन्यात.” मी म्हटलं, “झाला नव्हता मामा, उरकला होता.” त्यांनी पुढे काही विचारलं नाही. शाळेसमोरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणली, दहा तिवया मांडल्या, जाळ्या पुसल्या, स्पिरिटचे दिवे भरून ठेवले.

या वेळी दोन गोष्टी बदलल्या. दिवा पेटवायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, पाणी कितीला उकळेल आणि उकळायला लागल्यावर तापमानाचं पुढे काय होईल. पेनने लिहायचं, खोडायचं नाही, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या बरणीत. दुसरं, प्रत्येक गटाने आधी आपली तापमापी वितळत्या बर्फात धरून तपासायची. शून्य दाखवते का? नसेल दाखवत, तर किती दाखवते ते जर्नलच्या पहिल्या ओळीत लिहायचं. दहापैकी सहा तापमाप्या शून्यावर होत्या, तीन एक अंश वर, एक अर्धा अंश खाली. ज्यांची एक अंश वर होती ते म्हणाले, “बाई, ही खराब आहे, बदलून द्या.” मी दिली नाही. ती किती चुकते हे आता आपल्याला माहीत आहे, मग ती खराब कशी, असं विचारलं. त्यावर एक मुलगा बराच वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे घरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं तसं.” तसंच.

बर्फ वितळेपर्यंत सगळं ठीक चाललं. तापमान शून्यावर अडलं, तेव्हा “उष्णता देतोय तर जाते कुठे?” हा प्रश्न मुलांकडूनच आला. आधीच्या वर्षी तो मला फळ्यावर लिहावा लागला होता. मग पाणी तापू लागलं. ७०, ८०, ९०. बुडबुडे मोठे झाले. ९६, ९७. खळखळ सुरू झाली, आणि प्रयोगशाळेत कुजबुज सुरू झाली. मी मुद्दाम खिडकीशी उभी राहिले. शेजारच्या गटाच्या वहीत डोकावणं चालू होतं. एकाने दिवा पुढे सरकवला. दुसऱ्या गटात एक मुलगी तापमापी खाली दाबत होती, फुगा थेट काचेच्या तळाला टेकवत होती, म्हणजे आकडा थोडा तरी चढेल. दोन गटांनी शंभर लिहूनही टाकलं, मला लांबून दिसलं.

मग खिडकीजवळच्या टेबलावरून, एरवी कधी हात वर न करणारी एक मुलगी म्हणाली, “बाई, आमचं अठ्ठ्याण्णवच्या वर जात नाहीये. पाच मिनिटं झाली.”

क्षणभर शांतता. मग मागून, “आमचंपण!” मग तिसरा गट. मग ज्यांनी शंभर लिहिलं होतं त्यातल्या एका गटाने हळूच रेघ मारून आकडा बदलला. खोडायचं नाही हे चिठ्ठीपुरतं होतं, पण त्यांनी जर्नलमध्येही खोडरबर वापरला नाही, रेघच मारली. गटांचे आकडे मी फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकासमोर त्यांची बर्फातली चूक वजा-अधिक करायला लावली. आठ गट ९७.५ ते ९८.५ च्या मध्ये आले. फुगा तळाला टेकवणाऱ्यांचा आकडा जास्त आला होता, त्याचं कारण त्यांनी स्वतःच सांगितलं. दहावा गट आकडा टिपायलाच विसरला होता, भांडणात.

बरणी उपडी केली. ५८ चिठ्ठ्यांपैकी ५१ मध्ये १०० होतं. तापमान वाढतच राहील, असं ३३ जणांनी लिहिलं होतं. म्हणजे महिनाभर आधी स्वतःच्या हाताने आडवी रेघ काढलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती रेघ आडवी का असते हे कळलेलं नव्हतं. या चिठ्ठ्या नसत्या तर मला ते वर्षअखेरपर्यंत समजलं नसतं.

“मग पुस्तक चूक आहे का?” हा प्रश्न येणारच होता. पुस्तक चूक नाही. १०० हा प्रमाण वातावरणीय दाबाचा आकडा, म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळचा. माझ्या मोबाइलमध्ये दाबमापक आहे. त्यात त्या वेळी ९४८ हेक्टोपास्कल दिसत होतं. समुद्रसपाटीला साधारण १०१३ असतं. शिवाजीनगरच्या ज्या चौकाला आपण सिमला ऑफिस म्हणतो, तिथे हवामानखात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून आलं, म्हणून ते नाव. तिथे हवेचा दाब रोज मोजला जातो, हे सांगितल्यावर तिथून रोज बसने येणारी दोन मुलं एकदम सावरून बसली. त्यांच्या दृष्टीने सिमला ऑफिस म्हणजे फक्त स्टॉपचं नाव होतं.

वर्गातल्या तीन मुलांनी आणि दोन मुलींनी मग सिंहगडावर जायचं ठरवलं. कल्पना पूर्णपणे त्यांची. मी एका मुलीच्या आईला बरोबर घेतलं आणि आम्ही रविवारी पहाटे पीएमपीच्या बसने पायथ्याशी जाऊन पायवाटेने चढलो. गडाची उंची १३०० मीटरच्या वर. दोन तापमाप्या रुमालात गुंडाळून एका डब्यात ठेवल्या होत्या, डबा चढभर एकेकाने छातीशी धरून आणला. बर्फ न्यायची सोय नव्हती, म्हणून दोन्ही तापमाप्या शाळेतच तपासून त्यांच्या चुका कागदावर लिहून घेतल्या होत्या. हेही मुलांनीच आठवणीने केलं.

वर एका पिठलं-भाकरीवाल्या मावशींना विचारलं, पातेलंभर पाणी उकळून द्याल का, पैसे देतो. मावशींना वाटलं मुलांना गरम पाणी प्यायचंय. तापमापी बाहेर काढल्यावर त्या कंबरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. पाणी खळखळायला लागलं आणि पारा ९६ च्या जरा खाली थांबला. दोन्ही तापमाप्यांमध्ये. मुलांनी आरडाओरडा केला, शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहायला लागले. मावशी म्हणाल्या, “आमाला ठाऊक हाय की. हितं च्या लवकर उकळतो, पन डाळ काय लवकर शिजत न्हाय. म्हनून डाळीला कुकर.”

मी एक शब्द बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून चहा लवकर उकळतो आणि त्याच कारणाने डाळ उशिरा शिजते, हे त्या पाच जणांना भाकरीचा घास तोंडात असताना कळलं. उतरताना एकाने विचारलं, कुकरमध्ये मग किती असेल? साधारण १२०, मी सांगितलं. आत वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो. पायथ्यापर्यंत शिट्टी, वजन आणि रबरी रिंग हाच विषय.

त्याच वर्षी माझ्याकडे अकरावीचं मानसशास्त्र आलं. आमच्या शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं आहे, मी मानसशास्त्रात बाहेरून एम. ए. केलं होतं आणि जागा रिकामी होती. मोठ्या बाई म्हणाल्या, “तुम्हीच घ्या, वर्ष वाया जायला नको.” कला शाखेचा वर्ग, ४० मुलंमुली. शाळेत मला सगळे बाई म्हणतात, इथं मी मॅडम झाले. पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, आमच्या मनात काय चाललंय ते ओळखून दाखवा ना.” मानसशास्त्र म्हणजे मन ओळखणं, एवढीच बहुतेकांची कल्पना. पहिले दोन महिने मी व्याख्या लिहून दिल्या. वर्ग शांत होता, पण ती शांतता बरी नव्हती.

समूहाचा माणसावर पडणारा प्रभाव शिकवायचा होता. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा १९५१ चा प्रयोग मला फार आवडतो. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. कोणती रेघ पहिलीएवढी आहे, एवढंच सांगायचं. उत्तर लहान मूलही देईल इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲश यांनी आधीच फोडलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देतात, आणि खरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललेला असतो तो, जवळजवळ शेवटी बोलतो. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश उत्तरं बहुमताच्या बाजूने, म्हणजे चुकीची आली. मी वर्गात तस्साच प्रयोग केला. एका मुलाला ग्रंथालयातून पुस्तक आणायला पाठवलं, तेवढ्यात बाकीच्यांना पढवलं.

तो आला, बसला. सात जणांनी एकामागून एक चुकीची रेघ सांगितली. त्याची पाळी आली. त्याने कार्डाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, आणि खालच्या आवाजात तीच चुकीची रेघ सांगितली. वर्ग फुटला. इतक्या जोरात हसला की बाजूच्या वर्गातले सर दाराशी आले. मीही प्रयोग यशस्वी झाल्याच्या आनंदात लगेच फळ्याकडे वळून ॲश यांचं नाव लिहायला लागले.

पुढचे दोन तास तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, “मॅडम, मला बरोबर दिसत होतं. पण सगळेच म्हणत होते, म्हणून वाटलं माझा नंबर वाढलाय. घरी सांगितलं तर नवा चष्मा घ्यावा लागेल, हेच डोक्यात चाललं होतं.”

ॲश यांच्या प्रयोगातही काही जणांना नेमकं हेच वाटलं होतं, आपल्या नजरेतच काहीतरी दोष आहे. मी ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी एका सोळा वर्षांच्या मुलाला चाळीस जणांसमोर उभं करताना ते मला आठवलं नाही. त्या दिवशी वर्गात मी त्याची माफी मागितली. प्रयोगात ज्याला फसवलं जातं त्याला नंतर सगळं नीट सांगून, त्याचं म्हणणं ऐकून मोकळं करणं हे मानसशास्त्रज्ञांवर बंधन असतं, आणि मी ते पाळलं नाही, हेही सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. पण उरलेलं वर्ष तो एकही तास चुकला नाही.

त्यानंतर मी एकट्या मुलाला फसवणारा कोणताही प्रयोग वर्गात घेतला नाही. आणि खरं म्हणजे त्याची गरजही नव्हती, कारण त्याहून चांगला पुरावा माझ्या कपाटात होता. पुढच्या तासाला मी दहावीची ती जुनी जर्नलं नेली, नावांवर कागद चिकटवून. “५८ मुलं, १० तापमाप्या, आणि सगळ्यांचं उत्तर एक. खरं उत्तर ९८. असं का झालं असेल?” अर्ध्या वर्गाने याच शाळेतून दहावी केली होती. कुणीतरी म्हणालं, “मॅडम, आम्हीपण शंभरच लिहिलं होतं.” मग मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, का लिहिलं होतं ते लिहा. एकीने लिहिलं, ‘पुस्तक चुकणार नाही, मीच चुकत असेन.’ एकाने, ‘९८ लिहिलं तर प्रयोग परत करायला लावतील.’ एकीने, ‘पुढच्या गटात हुशार मुली होत्या.’ एका चिठ्ठीवर नुसतं ‘मार्क’.

या चिठ्ठ्या आम्ही फळ्याखाली जमिनीवर मांडल्या आणि वेगळ्या केल्या. दुसऱ्यांना जास्त माहीत असेल असं वाटून आपलं सोडणं, हा एक ढीग. आपण वेगळे पडू, बोलणी बसतील या भीतीने सोडणं, हा दुसरा. डॉइच आणि जेरार्ड यांनी १९५५ मध्ये हाच भेद मांडला, हे मी ढीग झाल्यावर सांगितलं. तीन चिठ्ठ्या कुठे टाकायच्या यावर वाद झाला आणि त्या मधेच राहिल्या. ‘हुशार मुली’ची चिठ्ठी त्यातलीच. मग मी ॲश यांचीच पुढची गोष्ट सांगितली. खोलीत बरोबर उत्तर देणारा एक जरी साथीदार असला, तरी बहुमतापुढे झुकणं एकदम कमी होतं. त्यावर चष्मेवाला मुलगा पहिल्यांदा बोलला. “म्हणजे तुमच्या त्या खिडकीजवळच्या मुलीसारखं.” सिंहगडाची गोष्ट शाळाभर झाली होती.

स्मरणाचा भाग शिकवताना मात्र फार मजा आली, आणि ती मराठीमुळे आली. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. जुन्या ओळखीचा आधार मिळू नये म्हणून त्यांनी निरर्थक अक्षरगट वापरले, जवळजवळ २३०० तयार केले होते. आम्हाला फक्त १२ हवे होते. मी घरून यादी करून आणली आणि वर्गाने ती पाच मिनिटांत उडवून लावली. ‘टुण’? टुणकन उडी मारतो. ‘ढिम’? ढिम्म हलत नाही. ‘लुस’? लुसलुशीत. ‘कुर’? कुरकुर. ‘खस’? खसखस, मॅडम, अनारशावरची! मराठीत कुठलंही अक्षर दोनदा म्हणा, त्याला अर्थ फुटतोच. आवाजाची, हालचालीची, स्पर्शाची इतकी अनुकरणवाचक रूपं आपल्या भाषेत आहेत की निरर्थक काही सापडेना. शेवटी एका मुलीने युक्ती काढली, “मराठीत ‘ण’ने शब्द सुरू होत नाही, ‘ळ’नेही नाही.” मग ‘णीब’, ‘ळोज’ आले, पाठोपाठ ‘झेठ’, ‘थैग’, ‘घौप’, ‘भिझ’. बारा होईपर्यंत तास संपला. मी त्या तासाला स्मरणाबद्दल एक वाक्यही शिकवलं नव्हतं, पण अर्थ हा आठवणीचा खुंटा असतो हे त्यांनी बाराही वेळा खुंटा उपटताना पाहिलं होतं.

पाठ केलेले गट २० मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने विचारले. पहिल्या दिवशी घसरण मोठी, नंतर हळूहळू, पुस्तकातल्या वक्ररेषेसारखीच. आमची पद्धत एबिंगहाउसइतकी काटेकोर नव्हती. ते पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो हे मोजत, आम्ही किती आठवले ते मोजलं. हा फरकही मुलांनी अहवालात लिहिला. ‘णीब’ सगळ्यांना आठवला, कारण शिपाईमामांना मुलांनी दिवसभर त्याच नावाने हाक मारली होती. मामांना कारण सांगितल्यावर तेही हसले.

याचा उपयोग मी उलट दहावीकडे नेला. आता विज्ञानाच्या प्रत्येक तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न, वह्या बंद, एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. गुण नाहीत. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने जास्त काळ लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं. माझ्या वर्गात ते मला दरवर्षी दिसतं. पाच मिनिटं जातात, पण परीक्षेआधीची उजळणी निम्म्यावर येते.

पोर्शन मागे पडतो हे खरं आहे. उष्णतेला माझे तीन तास जास्त गेले. कार्बनी संयुगांची नावं मी सरळ फळ्यावर शिकवते, सराव करून घेते, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. प्रत्येक धड्यात सिंहगड नसतो. पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, “बाई, बोर्डात ९८ लिहिलं तर मार्क जातील ना?” रास्त काळजी. मी मुलांकडून दोन वाक्यं पाठ करून घेते. उत्तरपत्रिकेत ‘प्रमाण वातावरणीय दाबाला १०० अंश सेल्सिअस’, आणि जर्नलमध्ये जे दिसलं ते. जर्नलमध्ये दिसलेलं लिहिलं म्हणून मी गुण कापत नाही, जमवून आणलेल्या शंभरचे मात्र कापते, आणि हे वर्षाच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकते. एका वरिष्ठ सहकाऱ्यांना हे अजून पटलेलं नाही. आमचं त्यावर दर वर्षी बोलणं होतं, चहा पिता पिता, आणि दोघंही आपापल्या जागी परततो.

सध्या नववीच्या चिठ्ठ्या माझ्या कपाटात बंद आहेत. प्रश्न होता, पुण्यात भर दुपारी आपली सावली कधी नाहीशी होते? ६१ पैकी ४४ जणांनी लिहिलंय, ‘रोज बारा वाजता.’ पुण्याचं अक्षवृत्त साडेअठरा अंश, म्हणून सूर्य बरोबर डोक्यावर वर्षात फक्त दोनदा येतो. जुलैअखेरच्या वेळी ढग असतात, म्हणून हाताशी एकच दिवस, १३ मे, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी. तेव्हा शाळेला सुट्टी असते. तरी मोठ्या बाईंनी मैदानाची किल्ली द्यायचं कबूल केलं आहे, मामांनी मीटरभराचा सरळ पाइप मिळवला आहे, आणि २६ मुलांनी येतो म्हणून सांगितलं आहे. बाराऐवजी १२.३१ का, हे कुणीतरी विचारायची मी वाट पाहते आहे. अजून कुणी विचारलेलं नाही. बरणी त्याच दिवशी, पाइपाच्या शेजारी उघडायची आहे.